पंचवीस हजार गाणी: लता मंगेशकरांच्या नोंदीतला आकडा कसा लिहावा?

पानाआडचा (धागाकर्ता)

नमस्कार. गेले काही महिने मी एका मुक्त ऑनलाइन ज्ञानकोशातील मराठी गायक-संगीतकारांवरच्या लेखांची साफसफाई करतो आहे. साफसफाई म्हणजे नवे काही लिहिणे नव्हे. लेखात जे विधान आधीपासून आहे त्याला संदर्भ दिला आहे का, आणि दिला असेल तर तो उघडून वाचल्यावर ते विधान तिथे खरोखर सापडते का, एवढेच पाहायचे. काम रुक्ष आहे, पण दहा लेख तपासले की त्यातले दोन-तीन तरी असे निघतात की संदर्भ एक सांगतो आणि लेख भलतेच.

सध्या मी लता मंगेशकर यांच्या लेखावर अडलो आहे. जन्म २८ सप्टेंबर १९२९, इंदूर आणि निधन ६ फेब्रुवारी २०२२, मुंबई, या तपशिलांबद्दल काही वाद नाही. अडचण आहे ती प्रस्तावनेतल्या एका वाक्याची: 'त्यांनी ३६ भाषांत २५,००० हून अधिक गाणी गायली.' याच लेखात खाली पुरस्कारांच्या विभागात हा आकडा ३०,००० होतो, आणि उजवीकडच्या माहितीचौकटीत कोणीतरी ५०,००० लिहून ठेवले आहे. तिन्ही आकड्यांना संदर्भ आहेत आणि तिन्ही दुवे चालू आहेत. मी ते वाचले. तिन्ही फेब्रुवारी २०२२ च्या त्या आठवड्यातले वृत्तपत्रीय श्रद्धांजलीपर लेख आहेत आणि गाणी कोणी मोजली, कधी मोजली, याबद्दल त्यांत अवाक्षर नाही.

माझा प्रश्न असा आहे की संदर्भ तर आहेत, मग 'संदर्भ हवा' हा साचा (म्हणजे विधानापुढे दिसणारी ठरावीक सूचना) लावता येईल का? की तिघांपैकी एक आकडा निवडून बाकीचे दोन काढावेत? निवडायचा तर कोणत्या आधारावर? लेखाच्या चर्चापानावर, म्हणजे संपादक जिथे आपसांत बोलतात त्या पानावर, विचारले, तर दोघांनी 'सर्वांत जुना आकडा ठेवा' असे उत्तर दिले. त्यामागचे कारण मात्र मला कळले नाही.

तबकडी७८

आपण ज्या तीन आकड्यांमध्ये सापडला आहात, त्यांपैकी पहिल्या दोघांचे कूळ शोधता येते. २५,००० हा आकडा गिनेस बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीतून आलेला आहे. १९४८ ते १९७४ या काळात २० भारतीय भाषांमध्ये किमान २५,००० एकल, युगुल आणि समूहगीते ध्वनिमुद्रित केल्याची नोंद त्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर होती. मोहम्मद रफी यांनी तिला हरकत घेतली. १९७७ मध्ये त्यांनी गिनेसच्या संपादकांना पत्रही लिहिले, आणि त्यांचा स्वतःचा दावा २८,००० च्या घरातला होता. रफीसाहेब ३१ जुलै १९८० रोजी गेले. त्यानंतर १९८४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नोंदीबरोबर रफींचा दावाही छापण्यात आला. पुढच्या आवृत्त्यांत लताबाईंचा आकडा '१९४८ ते १९८७, किमान ३०,०००' असा झाला आणि १९९१ पासून ही नोंदच पुस्तकातून गेली. लताबाईंनी स्वतः सांगितले होते की आपण गाण्यांचा हिशेब ठेवलेला नाही आणि गिनेसने ही माहिती कुठून घेतली हे आपल्याला ठाऊक नाही. म्हणजे जिच्या नावावर विक्रम लागला तीच त्याची जबाबदारी घेत नव्हती, आणि ज्या पुस्तकाने तो लावला त्यानेही पुढे तो सोडून दिला. ५०,००० च्या मागे मात्र एवढासुद्धा इतिहास नाही. हे आकडे चढतात तेही गोल हजारांनी, आधी पाच हजारांची पायरी आणि शेवटची उडी तर एकदम वीस हजारांची. जुन्या तबकड्यांच्या संग्राहकाला हे पाहूनच शंका येते, कारण मोजलेल्या गोष्टी इतक्या गोल क्वचितच निघतात.

आता दुसऱ्या बाजूचे साधन. कानपूरच्या हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी हिंदी चित्रपटगीतांचा कोश दशकांनुसार खंडांत संकलित केला आहे. १९३१ पासूनच्या बोलपटांची त्यात चित्रपटवार नोंद असून प्रत्येक गाण्यापुढे गायक, गीतकार, संगीतकार आणि उपलब्ध असल्यास तबकडीचा क्रमांक दिलेला आहे. विश्वास नेरूरकर यांनी १९४५ ते १९८९ या काळातील लतागीतांची स्वतंत्र सूची केली. अशा सूचींवरून लताबाईंची हिंदी चित्रपटगीते पाच हजारांच्या आसपास भरतात. पत्रकार राजू भारतन यांनीही पाच ते सहा हजार हाच अंदाज मांडला होता. मराठी, बंगाली, इतर भाषा आणि गैरफिल्मी गीते यांत मिळवली तरी उरलेली वीस हजारांची दरी भरून निघणे अवघड आहे, कारण त्यांच्या गाण्याचा सर्वांत मोठा वाटा हिंदी चित्रपटांचाच होता.

पण सूची हाती आल्यावरही एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते आपल्या लेखाच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. 'एक गाणे' कशाला म्हणायचे? ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटे मावत. त्यामुळे लांब गाणे 'भाग १' आणि 'भाग २' असे दोन बाजूंवर छापले जाई. तबकड्यांच्या यादीवरून मोजणारा त्याची दोन गाणी धरतो आणि चित्रपटावरून मोजणारा एक. 'जंगली' (१९६१) मधले 'एहसान तेरा होगा मुझ पर' रफींच्या आवाजातही आहे आणि लताबाईंच्या आवाजातही. ते दोघांच्या खात्यावर एकेक लागते हे योग्यच आहे, पण चित्रपटाच्या खात्यावर एक की दोन? एखाद्या गाण्यात केवळ आलाप असेल तर? तेच गाणे पुढे लाँग प्ले तबकडीवर, मग कॅसेटवर आणि मग सीडीवर आले, आणि कोणी ध्वनिमुद्रिकांच्या यादीतून सरळ बेरीज केली, तर एकाच गाण्याची चार सहज होतात.

सगळ्यांत बोलके उदाहरण तर त्यांच्या पहिल्याच गाण्याचे आहे. 'किती हसाल' या १९४२ च्या मराठी चित्रपटासाठी सदाशिवराव नेवरेकर यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी 'नाचू या गडे, खेळू सारी' हे गीत गायले, पण चित्रपटातून ते वगळले गेले. ध्वनिमुद्रित झालेली गाणी मोजणार असाल तर ते पहिले, आणि प्रकाशित झालेली मोजणार असाल तर ते यादीतच नाही. शिवाय गिनेसची नोंद १९४८ पासून सुरू होते. लेखात कारकीर्द १९४२ पासून लिहायची आणि शेजारी १९४८ पासूनचा आकडा ठेवायचा, ही आणखी एक गल्लत.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. तबकडीवरचे लेबल हा सर्वांत प्राथमिक पुरावा असे आम्ही मानतो, पण 'महल' (१९४९) मधल्या 'आयेगा आनेवाला'च्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होते 'कामिनी', म्हणजे पडद्यावर मधुबालेने रंगवलेल्या पात्राचे! तेव्हा नुसत्या लेबलांवर विसंबून यादी करणाऱ्याच्या हातून त्या काळातले सर्वांत गाजलेले गाणेच निसटले असते.

हिशेबी

वरचा प्रतिसाद वाचून मी कागद-पेन्सिल घेतली. १९४८ ते १९७४ ही दोन्ही वर्षे धरून २७ वर्षे होतात. २५,००० भागिले २७ म्हणजे वर्षाला साधारण ९२५ गाणी, अर्थात रविवार, सणवार, आजारपण आणि परदेश दौरे यांत एकही दिवस न गमावता रोज अडीच गाणी. त्या काळात वर्षाला हिंदी चित्रपट निघत ते शंभर-सव्वाशेच्या आसपास. प्रत्येकात आठ गाणी धरली तरी एकंदर आठशे ते हजार. म्हणजे रफी, मुकेश, किशोरकुमार, तलत, मन्ना डे, शमशाद, गीता दत्त आणि आशाबाई यांची सगळी गाणी लताबाईंच्या पदरात टाकली तर कुठे हा आकडा जुळू लागतो. ओ. पी. नय्यर यांनी तर लताबाईंकडून एकही गाणे गाऊन घेतले नाही; त्यांचे सगळे चित्रपट आधी वजा करावे लागतील.

पुढचा भाग याहून मजेदार आहे. २५,००० चे ३०,००० व्हायला १९७४ ते १९८७ अशी १३ वर्षे लागली, म्हणजे वर्षाला फक्त ३८५. वेग अचानक निम्म्याहून खाली कसा आला, याचे उत्तर कोणत्याही बातमीत मिळणार नाही.

पार्लेकर

मला या चर्चेचा सूर किंचित खटकतो आहे, आणि तो का खटकतो हे नीट मांडण्याचा प्रयत्न करतो. लतादीदींचा मोठेपणा आकड्यावर अवलंबून नाही हे मान्य. परंतु ज्ञानकोशाचे काम प्रतिष्ठित स्रोतांत जे आले आहे ते सांगण्याचे आहे. आपण स्वतः पेन्सिल घेऊन स्रोतांना नापास करण्याचे नाही. एका बाजूला जगभर खपणारे विक्रमांचे पुस्तक आणि शेकडो वृत्तपत्रे आहेत, दुसऱ्या बाजूला दोन-तीन संग्राहकांच्या सूची. त्या सूची मी आदराने पाहतो, पण त्यांची मर्यादाही सांगायला हवी. संग्राहकाच्या यादीत तेच येते जे तबकडीवर किंवा पडद्यावर आले. ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिलेली, डब्यात गेलेल्या चित्रपटांची किंवा अन्य भाषांतली ज्यांच्या तबकड्या आज मिळतच नाहीत अशी गाणी त्यात येणार नाहीत. तेव्हा पाच हजार हा खालचा आकडा आहे. तो खरा आकडा म्हणून लेखात आला तर तीही चूकच ठरेल.

चावडीवरचा जुना

मी गेली बरीच वर्षे अशा ज्ञानकोशात संपादन करतो आहे, म्हणून धोरणाच्या अंगाने लिहितो. पार्लेकरांचे दोन मुद्दे बरोबर आहेत आणि एक नाही.

सूची ही खालची मर्यादा दाखवते, हे बरोबर. हिशेबी यांचा भागाकार लेखात घालता येणार नाही, हेही बरोबर, कारण तो मूळ संशोधनात, म्हणजे कुठेही प्रकाशित न झालेल्या आपल्याच निष्कर्षांत, मोडतो. धागाकर्त्यांनी गीतकोशाचे खंड घेऊन स्वतः गाणी मोजली आणि ती बेरीज लेखात टाकली तर तेही मूळ संशोधनच होईल, मग बेरीज कितीही अचूक असो. पण या भागाकाराचा चर्चापानावर मोठा उपयोग आहे. कोणत्या स्रोतावर किती भार टाकायचा हे ठरवताना संपादकाने डोके वापरू नये असे कोणतेही धोरण सांगत नाही.

चूक आहे ती 'शेकडो वृत्तपत्रे' या मुद्द्यात. शंभर वृत्तपत्रांनी एकच आकडा छापला तर ते शंभर स्रोत होत नाहीत. त्यांनी तो कुठून उचलला हे पाहिले की बहुधा एकच उरतो. बातमी लिहिणारा वार्ताहर रात्री अकरा वाजता श्रद्धांजलीचा मजकूर पुरा करत असतो आणि आकड्यासाठी तो काय उघडतो? आपलाच ज्ञानकोश! त्याची बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि मग आपल्यापैकीच कोणीतरी ती आणून लेखातल्या त्याच आकड्याखाली संदर्भ म्हणून चिकटवतो. साप स्वतःचे शेपूट गिळतो तो असा. याची तपासणी सोपी आहे, पण चिकाटी लागते. लेखातला प्रत्येक बदल तारखेसह नोंदवणाऱ्या 'इतिहास' या पानावर जाऊन तो आकडा प्रथम कोणत्या तारखेच्या आवृत्तीत आला ते शोधावे आणि संदर्भ म्हणून दिलेल्या बातमीची तारीख त्याशेजारी मांडावी. बातमी नंतरची असेल, आणि तिने स्वतःचा स्रोत सांगितला नसेल, तर ती त्या विधानाचा आधार होऊ शकत नाही. धागाकर्त्यांनी ५०,००० साठी हे करून पाहावे. निकाल काय येईल याचा मला अंदाज आहे, पण तो मी आधी सांगत नाही.

गिनेस बुकाबद्दलही एक सांगतो. पुस्तक तेच असले तरी त्याच्या सगळ्याच नोंदी सारख्या वजनाच्या नसतात. २०१६ मध्ये पी. सुशीला यांच्या नावे जी नोंद झाली ती १७,६९५ गाण्यांची. शेवटचा आकडा पाच आहे, म्हणजे कोणीतरी बसून यादी तपासली. २०११ मध्ये आशा भोसले यांना जो मान मिळाला तो सुमारे ११,००० गाण्यांसाठी होता. आता विचार करा. त्याच पुस्तकाच्या दृष्टीने थोरल्या बहिणीची ३०,००० गाणी ग्राह्य असती, तर २०११ मध्ये ११,००० गाण्यांवर धाकटीला विक्रम देता आला असता का? गिनेसने जुना आकडा स्वतःच बाजूला ठेवला आहे. त्या पुस्तकाचे नाव घेऊन तो आज वर्तमानकाळात लिहिणे म्हणजे स्रोताशी विसंगत लिहिणे.

तेव्हा 'सर्वांत जुना आकडा ठेवा' हा सल्ला मी देणार नाही. आकडा निवडूच नका. आकड्याचा इतिहास लिहा, प्रत्येक दाव्यापुढे तो कोणाचा, कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या काळाबद्दलचा हे येऊ द्या आणि वाचकाला सगळी कागदपत्रे समोर मांडून द्या. 'संदर्भ हवा' लावू नका, कारण संदर्भ आहेत. लावायचाच तर 'अधिक चांगला स्रोत हवा' हा साचा आहे.

तबकडी७८

वरच्या प्रतिसादात थोडी भर. धागाकर्ते पुण्यात किंवा मुंबईत असतील, तर त्यांना कागदावरचे पुरावेही पाहता येतील. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चित्रपटगृहांच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका जपून ठेवल्या आहेत. त्यांत गीतांचे बोल असतात, पण जुन्या पुस्तिकांत पार्श्वगायकांची नावे बरेचदा नसतात, त्यामुळे त्या गीताच्या अस्तित्वाचा पुरावा ठरतात, आवाजाचा नाही. मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकाच्या जुन्या अंकांत गायकवार सूची आहेत आणि त्यांचा संदर्भ देता येतो, कारण त्या प्रकाशित आहेत. माझ्या घरातल्या कपाटातल्या तबकड्यांचा मात्र देता येणार नाही, हे दुःख मी कधीच गिळले आहे.

आणखी एक सूचना आहे. 'गायलेली' आणि 'संगीत दिलेली' ही खातीही वेगळी ठेवा. 'मोहित्यांची मंजुळा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना लताबाईंनी 'आनंदघन' या नावाने संगीत दिले. एका लेखात मी 'आनंदघन' हे पुरुष संगीतकार म्हणून स्वतंत्र व्यक्ती झालेले पाहिले आहेत.

पानाआडचा (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'इतिहास' तपासण्याचे काम कालच्या संध्याकाळी केले. ५,००० हून अधिक आवृत्त्या चाळाव्या लागतील अशी भीती होती, पण मधली आवृत्ती उघडून आकडा आहे की नाही पाहायचे आणि मग उरलेल्या अर्ध्याची मधली उघडायची, या रीतीने तेरा-चौदा टिचक्यांत काम झाले. माहितीचौकटीतला ५०,००० एका निनावी सदस्याने कोणताही संदर्भ न देता टाकला होता, आणि त्याखाली आज जी बातमी आहे ती त्यानंतर बऱ्याच काळाने प्रसिद्ध झालेली आहे. चावडीवरच्या जुन्यांचा अंदाज हाच असावा.

प्रस्तावनेतून आकडा पूर्णपणे काढून 'कारकीर्द' विभागात पुढील मजकूर ठेवण्याचा विचार आहे:

'लता मंगेशकर यांनी गायलेल्या गाण्यांच्या एकूण संख्येबाबत एकमत नाही. गिनेस बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत त्यांनी १९४८ ते १९७४ या काळात २० भारतीय भाषांत किमान २५,००० गाणी ध्वनिमुद्रित केल्याची नोंद होती. मोहम्मद रफी यांनी तिला हरकत घेतली, १९८४ च्या आवृत्तीत त्यांचा दावाही नमूद करण्यात आला आणि १९९१ पासून ही नोंद वगळण्यात आली. संग्राहकांनी केलेल्या चित्रपटवार सूचींनुसार त्यांनी सुमारे ५,००० हिंदी चित्रपटगीते गायली.'

पार्लेकर, शेवटच्या वाक्याला आपली हरकत राहील का?

पार्लेकर

'गायली' या शब्दाला राहील. सूचीत जे सापडले तेवढेच त्यांनी गायले, असा अर्थ त्यातून निघतो. 'सूचींमध्ये त्यांच्या सुमारे ५,००० हिंदी चित्रपटगीतांची नोंद आहे' असे करा, आणि पुढे 'अन्य भाषांतील व गैरफिल्मी गीते यांत धरलेली नाहीत' हे जोडा. एवढे झाले तर माझा आक्षेप मी मागे घेतो. ३६ भाषांचे काय केलेत? गिनेसच्या नोंदीत २० होत्या ना?

पानाआडचा (धागाकर्ता)

दोन्ही दुरुस्त्या घेतल्या. ३६ पुढे 'अधिक चांगला स्रोत हवा' हा साचा लावला आहे, आणि कोणत्या ३६ भाषा व प्रत्येकीतले निदान एक गीत, अशी यादी चर्चापानावर सुरू केली आहे. ज्यांना एखाद्या भाषेतले गीत तबकडीच्या क्रमांकासह ठाऊक असेल त्यांनी तिथे भर घालावी.

माहितीचौकटीतला रकाना आज सकाळी साडेनऊला रिकामा केला. पावणेबाराला तिथे पुन्हा ५०,००० आले, या वेळी पुढे अधिकचे चिन्हही होते. मी ते उलटवले असून पान अर्धसुरक्षित करण्याची, म्हणजे निनावी सदस्यांना त्यात बदल करता येऊ नयेत अशी, विनंती प्रचालकांकडे (ज्ञानकोशाच्या व्यवस्थापकांकडे) नोंदवली आहे.